नाव स्टेरॉइडचं, काम चरबीचं

बाळ जन्मतं तेव्हाच त्याचं अंग विलक्षण सैल असतं. उचलून घेतलं तर मान, हात, पाय सगळंच लोंबतं. पहिल्या काही दिवसांत, फार तर महिन्याभरात झटके येऊ लागतात. रक्त तपासलं तर २४ आणि २६ कार्बनची लांबलचक मेदाम्लं साचलेली दिसतात; निरोगी माणसाच्या रक्तात ती जेमतेम असतात. यातली बहुतेक मुलं दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. जनुकं तपासली की बिघाड कुठे आहे ते कळतं. त्या जनुकाचं नाव एचएसडी१७बी४. पूर्ण वाचायचं तर १७-बीटा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज, प्रकार चौथा.

म्हणजे बंद पडलीय चरबी जाळण्याची यंत्रणा आणि आरोपीच्या नावात स्टेरॉइड! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. पाठ्यपुस्तकात स्टेरॉइड हॉर्मोन्स एका प्रकरणात आणि मेदाम्लं भलत्याच दुसऱ्या प्रकरणात. परीक्षेत दोन्हींवर वेगवेगळे प्रश्न. पेशीत मात्र ही दोन खाती इतकी वेगळी नाहीत. कितीतरी एन्झाइम्स दोन्हीकडे राबतात, आणि जी राबत नाहीत त्यांचे सख्खे भाऊबंद पलीकडच्या खात्यात असतात. (पाठ्यपुस्तकी मराठीत एन्झाइमला विकर म्हणतात. शब्द चांगला आहे, पण मी एन्झाइमच म्हणणार आहे.)

हे असं का, ते कळायला आधी त्या जीभ वळवणाऱ्या नावाची फोड करू. स्टेरॉइड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या चार कड्यांचा सपाट रेणू. त्यातल्या प्रत्येक कार्बनला ठरलेला नंबर आहे. सतरावा कार्बन चौथ्या कड्यावर, अगदी टोकाशी बसतो. हायड्रॉक्सी म्हणजे त्या कार्बनला लागलेली ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. बीटा म्हणजे ती जोडी रेणूच्या सपाट अंगाच्या वरच्या बाजूला आहे. आणि डीहायड्रोजिनेज म्हणजे हायड्रोजन काढून घेणारं. एवढं मोठं नाव, पण काम इवलंसं: सतराव्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढायचे, किंवा उलट दिशेनं, परत बसवायचे.

दोन हायड्रोजननी काय होणार, असं वाटेल. एस्ट्राडायॉल हे जोरकस स्त्री-हॉर्मोन. त्याच्या सतराव्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढले की एस्ट्रोन उरतं, आणि ते बरंच मवाळ असतं. टेस्टोस्टेरॉनचे तेच दोन हायड्रोजन काढले की अँड्रोस्टीनडायोन, तेही तसंच मिळमिळीत. बाकी रेणू तोच. ज्या पेशीत हे एन्झाइम आहे ती पेशी रक्तातून आलेल्या हॉर्मोनचा आवाज जागच्या जागी वाढवू किंवा कमी करू शकते. गर्भाशयाच्या अस्तराचंच बघा. अंडं सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्याच्या हुकमावरून अस्तरात या एन्झाइमचा दुसरा प्रकार वाढतो, आणि तिथलं एस्ट्राडायॉल तिथल्या तिथे एस्ट्रोन होऊन थंडावतं. रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

आता दुसऱ्या खात्यात जाऊ. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि एका टोकाला आम्लाचा गट. शरीर ही साखळी जाळतं कसं, याचं पहिलं नीट उत्तर १९०४ साली फ्रान्झ क्नूप यांनी दिलं. त्यांची युक्ती मला अजूनही थक्क करते. तेव्हा किरणोत्सारी खुणा लावायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी मेदाम्लाच्या शेपटाला बेन्झिनचं कडं जोडलं, कारण ते कडं शरीराला फोडता येत नाही, लघवीवाटे तसंच बाहेर पडतं. अशी शेपटाला खूण केलेली मेदाम्लं कुत्र्यांना दिली आणि लघवी तपासली. साखळीत कार्बनची संख्या सम असेल तर कड्यामागे दोन कार्बन उरायचे, विषम असेल तर एकच. साखळी किती का लांब असेना, निकाल या दोनपैकीच एक. याचा अर्थ शरीर साखळी मधूनच कुठेतरी तोडत नाही, आम्लाच्या टोकाकडून दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत येतं.

प्रत्येक तुकडा पाडायला चार पायऱ्या लागतात. आधी दोन हायड्रोजन काढून साखळीत दुहेरी बंध तयार करायचा. मग तिथे पाणी घालायचं. त्यानं तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी येऊन बसते. मग त्या जोडीपाशी पुन्हा दोन हायड्रोजन काढायचे, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध होतो. असा दुहेरी बंध असला की शेजारचा सांधा कच्चा पडतो, आणि चौथ्या पायरीत तो कापला जातो.

तिसरी पायरी परत वाचा. कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे, दोन हायड्रोजन काढायचे, दुहेरी बंध करायचा. सतराव्या कार्बनवर नेमकं हेच चाललं होतं. तिकडे कड्यांचा सपाट रेणू, इकडे साखळी, क्रिया एकच. एन्झाइमला अख्खा रेणू कवेत घ्यावा लागतोच असं नाही. काम होतं ती जागा नीट पकडीत आली की झालं, बाकीचा भाग खोबणीत कसाबसा मावला तरी चालतो.

ही पकड जवळून बघण्यासारखी आहे. या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या एन्झाइम्समध्ये खोबणीच्या तळाशी तीन अमिनो आम्लं ठाण मांडून असतात: टायरोसीन, लायसीन आणि सेरीन. सेरीन ऑक्सिजनला जागेवर धरून ठेवतं. टायरोसीन त्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन उचलतं. त्याच क्षणी कार्बनवरचा हायड्रोजन, आपले दोन इलेक्ट्रॉन बरोबर घेऊन, शेजारी बसलेल्या एनएडी नावाच्या रेणूवर उडी मारतो. लायसीन दोन कामं करतं: टायरोसीनला हायड्रोजन घ्यायला तयार ठेवतं आणि एनएडीला हलू देत नाही. एनएडीला बसायला प्रथिनाची एक खास घडी असते, तिला मायकेल रॉसमन यांचं नाव आहे. ही घडी आणि हे त्रिकूट जीवाणूंपासून माणसापर्यंत सापडतं. माणसात या घराण्याची ७० हून अधिक जनुकं आहेत. घराण्याचं नाव ‘शॉर्ट-चेन डीहायड्रोजिनेज’. यातली आखूड साखळी मेदाम्लाची नाही हं, प्रथिनाची. साधारण २५० अमिनो आम्लांची. हा घोळ चांगल्या चांगल्यांचा होतो.

मग एकच क्रिया कधी सुलट, कधी उलट कशी होते? त्याचं उत्तर एन्झाइमपेक्षा त्याच्या जोडीदारात जास्त आहे. पेशीत हायड्रोजन वाहणारे दोन हमाल असतात, एनएडी आणि एनएडीपी. दोघांत फरक फक्त एका फॉस्फेटचा. पण पेशी एनएडीला बहुतांशी रिकामा ठेवते आणि एनएडीपीला बहुतांशी भरलेला. ज्या एन्झाइमच्या खोबणीत रिकामा हमाल बसतो ते हायड्रोजन काढतं. ज्याच्यात भरलेला बसतो ते हायड्रोजन बसवतं. सतराव्या कार्बनवर काम करणारा पहिला प्रकार एनएडीपी वापरतो आणि एस्ट्रोनचं एस्ट्राडायॉल करतो. दुसरा प्रकार एनएडी वापरतो आणि उलटं करतो. मेदाम्लांतही तेच: साखळी जाळताना एनएडी, साखळी बांधताना एनएडीपी.

याचा सगळ्यात बोलका दाखला सतराव्या कार्बनवर नाही, अकराव्यावर आहे. कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांच्यात तोच दोन हायड्रोजनचा फरक. कॉर्टिसॉल काम करतं, कॉर्टिसोन करत नाही. मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन नावाच्या हॉर्मोनसाठी एक ग्राही प्रथिन असतं. शरीरात मीठ किती राखायचं ते त्यावर ठरतं. अडचण अशी की त्या ग्राहीला कॉर्टिसॉलही तितकंच आवडतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. मग तिथे कॉर्टिसॉलचं राज्य का येत नाही? कारण त्या पेशींच्या दारात ११-बीटा डीहायड्रोजिनेजचा दुसरा प्रकार पहारा देतो आणि कॉर्टिसॉल आत आलं की त्याचं कॉर्टिसोन करून टाकतो. ज्येष्ठमधाच्या मुळातलं एक द्रव्य या पहारेकऱ्यालाच अडवतं. ते फार दिवस फार प्रमाणात पोटात गेलं तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो, आणि तपासणीत अल्डोस्टेरॉन मात्र कमीच दिसतं. डॉक्टर चक्रावतात ते इथेच.

यकृतात आणि चरबीच्या पेशीत असतो याच ११-बीटा डीहायड्रोजिनेजचा पहिला प्रकार, तो कॉर्टिसोनचं पुन्हा कॉर्टिसॉल करतो. १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचलं आणि फरक थक्क करणारा होता. १९५० च्या नोबेलमध्ये हेंच यांच्याबरोबर एडवर्ड केंडल आणि ताडेयुश राइखश्टाइन यांचाही वाटा होता. गंमत म्हणजे टोचलेलं कॉर्टिसोन स्वतः काहीच करत नव्हतं. रुग्णाचं यकृत त्याला कामाचं बनवत होतं. आणि हा पहिला प्रकारही भरलेल्या हमालाच्या पुरवठ्यावर जगतो: पेशीच्या ज्या कप्प्यात तो बसतो तिथे भरलेलं एनएडीपी पुरवणारं वेगळं एन्झाइम आहे, ते बिघडलं तर हाच प्रकार उलटा चालू लागतो.

परत सतराव्या कार्बनकडे. या एन्झाइमचे प्रकार जसे सापडत गेले तसे त्यांना ओळीनं नंबर मिळत गेले. नंबरावरून नातं कळतं असं समजू नका. पाचवा प्रकार तर या घराण्यातला नाहीच. त्याच्या प्रथिनाची घडण पिंपासारखी, घराणं निराळं. तरी काम तेच, म्हणून नंबर मिळाला. त्याचं महत्त्व एका वेगळ्या संदर्भात कळतं. तिसरा प्रकार वृषणात असतो आणि टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा शेवटचा हात फिरवतो. तो बिघडला तर एक्सवाय गुणसूत्रं असलेलं बाळ बाहेरून मुलीसारखं दिसतं, बहुधा मुलगी म्हणूनच वाढतं. वयात येताना मात्र आवाज फुटतो, स्नायू भरतात. तिसरा प्रकार तर बंदच असतो, मग हे टेस्टोस्टेरॉन आलं कुठून? वयात येताना वृषणं कच्चा माल भरपूर सोडू लागतात आणि शरीरात इतरत्र पसरलेला पाचवा प्रकार त्याचं टेस्टोस्टेरॉन करतो.

आता चौथा प्रकार, आपला आरोपी. १९९० च्या दशकात तो डुकराच्या गर्भाशयाच्या अस्तरातून वेगळा काढला गेला. शोधणारे एस्ट्राडायॉल निकामी करणारं एन्झाइम शोधत होते, ते सापडलं, आणि नाव त्यावरून पडलं. पण प्रथिनाचा क्रम वाचला तेव्हा ते यीस्टमधल्या चरबी जाळणाऱ्या एका प्रथिनाशी जुळलं. शिवाय एकाच प्रथिनात तीन तुकडे निघाले: एक मेदाम्लात पाणी घालणारा, म्हणजे मघाची दुसरी पायरी, एक हायड्रोजन काढणारा, म्हणजे तिसरी, आणि तिसरा तुकडा स्टेरॉइडसारखे रेणू धरणाऱ्या प्रथिनासारखा. बसायची जागा पेरॉक्सिसोम, पेशीतली ती छोटी पिशवी जिथे २२ पेक्षा जास्त कार्बनची मेदाम्लं जाळायला सुरुवात होते. एस्ट्राडायॉलवर तो चालतो, पण मेदाम्लांवर कितीतरी जोरात. सापडला हॉर्मोनच्या शोधात, म्हणून आडनाव हॉर्मोनचं लागलं आणि ते आता सुटत नाही.

दहाव्या प्रकाराचं तर नावांच्या बाबतीत हसंच झालं. तो तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात असतो. प्रयोगनळीत तो स्टेरॉइडवर चालतो, मेदाम्लांवर चालतो, आणि शरीरात त्याचं एक खात्रीचं काम म्हणजे आयसोल्युसीन या अमिनो आम्लाची मोडतोड. १९९७ साली अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडला चिकटणारं प्रथिन म्हणून तो गाजला, वेगळं नाव घेऊन. २००८ साली कळलं की तंतुकणिकेतल्या आरएनएची काटछाट करणाऱ्या तीन प्रथिनांच्या चमूतही तोच आहे, आणि तिथे त्याच्या हायड्रोजन काढण्याच्या कसबाची गरजही नाही. एका प्रथिनाला इतकी नावं आहेत की जुने शोधनिबंध वाचताना एकाच माणसाच्या चार ओळखपत्रांशी गाठ पडल्यासारखं होतं.

बारावा प्रकार साखळी लांबवतो. साखळी वाढवताना मघाच्या चार पायऱ्या साधारण उलट्या क्रमानं चढायच्या असतात, आणि बाराव्याचं काम दुहेरी बंध असलेल्या ऑक्सिजनला हायड्रोजन देणं. हे एन्झाइम नसलेले उंदराचे गर्भ फार लवकर मरतात. तेरावा यकृताच्या पेशीत चरबीच्या थेंबांवर बसतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं की ज्यांच्यात तेराव्याचं जनुक बदलामुळे निकामी झालेलं असतं, त्यांच्यात यकृताचे दीर्घकालीन आजार कमी आढळतात. बिघाडानं फायदा व्हावा असं क्वचितच होतं, म्हणून हे जनुक मुद्दाम गप्प करणारी औषधं आता माणसांवर तपासली जात आहेत.

हा सगळा एकाच घराण्याचा योगायोग म्हणाल, तर दुसरं घराणं घ्या. ५-अल्फा रिडक्टेज हे टेस्टोस्टेरॉनमधला एक दुहेरी बंध हायड्रोजन घालून मिटवतं आणि त्याहून कडक डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवतं. हे एन्झाइम किती महत्त्वाचं आहे ते १९७४ साली ज्युलियान इंपेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवलं. तिथली काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना पुरुषासारखी होत. पुढे यालाच अडवणारं फिनास्टेराइड हे औषध प्रोस्टेटसाठी आलं, आणि नंतर टक्कल पडण्यावरही. याच एन्झाइमचा चुलतभाऊ मेदाम्लाची साखळी लांबवण्याच्या शेवटच्या पायरीवर असतो. तोही दुहेरी बंध मिटवतो, आणि तोही नेमका तोच, जो कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या शेजारी आहे. सायटोक्रोम पी-४५० या तिसऱ्या घराण्यातही एक शाखा टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्राडायॉल करते आणि दुसरी मेदाम्लाच्या शेपटाला ऑक्सिजन लावते.

मुळात कच्चा मालही एकच. मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बनतात दोन कार्बनच्या ॲसिटिल गटापासून. १६ कार्बनचं पामिटिक आम्ल म्हणजे असे आठ गट सरळ रांगेत. कोलेस्टेरॉलचे २७ कार्बन म्हणजे तेच गट जोडून, वळवून, मधे थोडे गाळून केलेली कड्यांची रचना. १९६४ चं नोबेल कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना ‘कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं’ या दोन्हींच्या चयापचयासाठी एकत्रच दिलं गेलं. समितीनं प्रकरणं वेगळी ठेवली नव्हती.

दोन्ही खाती एकाच रेणूवर भेटतात ती जागा यकृतात आहे. कोलेस्टेरॉलला चार कडी आणि आठ कार्बनचं शेपूट. हॉर्मोन करायचं असेल तर अधिवृक्क ग्रंथी, वृषण आणि अंडाशय त्यातले सहा कार्बन एका घावात छाटतात, उरतात २१. पित्ताम्ल करायचं असेल तर यकृत वेगळ्या वाटेनं जातं. आधी शेपटाच्या टोकाला आम्लाचा गट बसवतं, म्हणजे ते शेपूट मेदाम्लासारखं दिसू लागतं. मग रेणू पेरॉक्सिसोममध्ये जातो आणि तिथे त्या शेपटावर पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्या पायऱ्या चालतात, जणू ते जाळायला आलेलं मेदाम्लच. तीन कार्बन गळतात, २७ चे २४ होतात, आणि पित्ताम्ल तयार. डोकं स्टेरॉइडचं, शेपूट मेदाम्लाचं, आणि त्यावर काम करणारं एन्झाइम तेच: चौथा प्रकार.

म्हणून त्या सैल अंगाच्या बाळाचं रक्त तपासताना प्रयोगशाळा फक्त लांब मेदाम्लं मोजून थांबत नाही. २७ कार्बनची, शेपूट न कापलेली अर्धवट पित्ताम्लंही शोधते. आणि बहुतेक वेळा ती सापडतात.